माझा अनुभव : काळा कुत्रा कागदावर उतरवताना

कुत्र्यांचे फोटो काढणं हा आमच्या घरच्या शुभेच्छापत्रांच्या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग, असं मी म्हटलं की लोक हसतात. पण खरंच सांगते, धावत्या कुत्र्याला शटर 1/1000 सेकंदाच्या आसपास ठेवायचं, जमिनीवर पालथं पडून कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणायचा, फोकस नाकावर न ठेवता डोळ्यावर ठेवायचा. एवढं जमलं की बाकीचं काम कुत्रंच करतं. त्याच फोटोंची शुभेच्छापत्रं, वह्या, कॅलेंडरं करायची ठरलं, तेव्हा वहिनीने हिशेब घेतला, दादाने फाइली, बाबांनी पॅकिंग. भांडणंसुद्धा फारशी झाली नाहीत. अडलं ते छपाईत, आणि छपाईतही एकाच कुत्रीपाशी.

काळी लॅब्राडोर. माझा सगळ्यात आवडता फोटो. मान किंचित वळलेली, कानावर कडेने उजेड, केस न् केस सुटा दिसतोय. शुभेच्छापत्रांच्या पहिल्या संचात हाच पुढे ठेवायचा, यावर घरात एकमत होतं. आणि छापखान्यातून हातात आलं ते काय? डांबराचा गोळा. कान आणि मान एक झालेले, डोळे कुठे आहेत ते त्यातल्या चकाकीच्या दोन ठिपक्यांवरून ओळखायचं. जीभ तेवढी व्यवस्थित गुलाबी.

"मॅडम, फाइलच डार्क आहे."

"अहो, स्क्रीनवर तर सगळं दिसतंय."

"स्क्रीनवर दिसणारच."

हे उत्तर मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की अजून आठवलं तरी डोकं फिरतं. कारण ते खोटं नव्हतं, अर्धवट होतं. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, आरजीबीत, म्हणजे लाल, हिरवा, निळा मिसळून. कागद सीएमवायकेच्या, म्हणजे निळसर (सायन), किरमिजी (मॅजेंटा), पिवळी आणि काळी अशा चार शायांनी, आणि त्या शायांना स्क्रीनवरचे सगळे रंग जमत नाहीत. इथपर्यंत कबूल. पण मग त्याच फाइलमधली पांढरी आणि तांबूस कुत्री चांगली कशी आली? यावर काउंटरवरच्या माणसाकडे उत्तर नव्हतं, आणि आतल्या माणसाशी बोलू देत नव्हते.

शेवटी दादाने एकच प्रश्न लावून धरला : आमच्या फाइलला रंगांचं प्रोफाइल, म्हणजे कुठल्या कागदावर किती शाई पडावी याचा तक्ता, कुठलं लावता? बऱ्याच फोनांनंतर उत्तर आलं, "आम्ही सगळ्यांना एकच लावतो." म्हणजे गुळगुळीत आर्ट पेपरचं. आणि आमची पत्रं होती बिनलेपाच्या, जरा खरबरीत कागदावर, कारण त्यावर पेनाने लिहिता येतं. असा कागद शाई पितो. छपाईचा प्रत्येक ठिपका थोडा पसरतो, त्याला ते लोक डॉट गेन म्हणतात. फिकट रंगात हे फारसं कळत नाही. गडद भागात मात्र ठिपक्यांमधल्या बारीक मोकळ्या जागा बुजतात आणि कुत्रा गिळला जातो. त्यात चारही शाया मिळून (एकेकीचे जास्तीत जास्त 100 धरून) किती टक्के पडतात यालाही मर्यादा असते. लेपाच्या कागदाला साधारण 300 ते 330 टक्के चालतात, बिनलेपाच्या कागदाला त्याहून कमी. आमच्या लॅब्राडोरच्या मानेवर किती ओतली होती देव जाणे, बोट फिरवलं तर बोट काळं होत होतं.

बरं, कारण कळलं म्हणून काम झालं का? नाही. प्रत्यक्ष कागदावर छापलेलं प्रूफ, म्हणजे मंजुरीसाठीचा नमुना, मागितलं तर म्हणे पीडीएफ हेच प्रूफ. ज्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका म्हणून आम्हाला झापत होते, तिच्यावरच बघून मंजुरी द्यायची! मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. प्रूफचे वेगळे पैसे देते, पण त्याच मशिनवर, त्याच कागदावर हवं, आणि त्याशिवाय पुढचा लॉट छापायचा नाही. वहिनी म्हणाली, इतकं ताणू नकोस. मी ताणलं, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

तोडगा म्हणाल तर साधा निघाला. दादाने एकाच पानावर तीच कुत्री लहान लहान चौकटींत मांडली, प्रत्येक चौकटीत सावलीचा भाग आधीपेक्षा थोडा उजळ, आणि खाली क्रमांक. फाइल बिनलेपाच्या कागदाच्या प्रोफाइलमध्ये बदललेली. ते पान छापून आल्यावर दिवसाच्या उजेडात खिडकीशी नेलं. स्क्रीनवर जी चौकट धुरकट, पार उडालेली वाटत होती, तीच कागदावर जिवंत होती. कान वेगळा, मान वेगळी, डोळ्याचा तपकिरी रंगसुद्धा. बाबांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "हां, आता कुत्री आहे." तेव्हापासून प्रत्येक नव्या कागदाला आधी हे चौकटींचं पान. आणि स्क्रीनचा ब्राइटनेस कायमचा खाली. झगझगीत स्क्रीनवर सगळेच फोटो उजळ वाटतात.

काळा कुत्रा ढगाळ उजेडात किंवा सावलीच्या कडेला घ्यावा, हे मी आधीच लिहायला हवं होतं. भर उन्हात अंगावर पांढरे डाग आणि खाली काळोख, मधलं काहीच उरत नाही. पांढऱ्या कुत्र्याचं उलट दुखणं : कॅमेरा सगळ्याला मध्यम करडं करायला बघतो, त्यामुळे तो मळकट येतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, थोडं वाढवायचं.

फोटो काढतानाच कडेला जागा सोडा. बहुतेक कॅमेऱ्यांची चौकट 3:2 असते, ए-6 पत्राची थोडी आखूड, आणि चौरस कोस्टर (कपाखालची चकती) केला तर एक तृतीयांश फोटो जातो. शेपटी जाते ती तिथेच. शिवाय चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड (कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून ठेवलेला जादा भाग), म्हणजे 105 × 148 च्या पत्राला फाइल 111 × 154 ची. पिक्सेलही मोजा. ए-6 ला 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके) ब्लीड सोडून 1240 × 1748 पुरतात, फोनच्या फोटोतही भागतं. ए-4 कॅलेंडरला 2480 × 3508 लागतात, तिथे जास्त कापलेला फोटो उघडा पडतो.

घडीच्या पत्रावर गडद रंग घडीवरून जाऊ देऊ नका, शाई तडकून पांढरी रेघ दिसते. जाड कागदाला घडीआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच, करून घ्याच. कागदाच्या धाग्याच्या दिशेने घडी आली तर उत्तम.

दुसऱ्यांच्या कुत्र्यांचे फोटो विकायचे तर मालकाची लेखी परवानगी आधी. वहिनीने एका पानाचा मजकूर केलाय : कुठल्या वस्तूंवर फोटो येईल, नाव छापायचं की नाही, किती प्रती फुकट मिळतील. एकाही मालकाने नाही म्हटलं नाही, उलट आमचाच का निवडला नाही म्हणून रुसणारेच जास्त.

कॅलेंडरचं मात्र जपून. तारखा घरातल्या दोघांनी वेगवेगळ्या तपासायच्या, फाइल वर्ष संपायच्या खूप आधी छापखान्यात, आणि प्रती हात राखूनच. उरलेली वही पुढच्या वर्षीही विकली जाते, उरलेलं कॅलेंडर नाही. छापखाना आम्ही बदलला. नव्या ठिकाणी पहिला प्रश्न मी प्रोफाइलचा विचारला, त्यांनी उलट विचारलं, "कागद कुठला?" काम तिथेच दिलं.