विहिरीची किल्ली

खांदे दुखतायत ते दोन दिवसांत राहतील, रविवारी विहिरीचा गाळ उपसल्यावर ते व्हायचंच. पण विहिरीशेजारच्या आजींचं ते एक वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये. भाकरी थापताना, काउंटरवर पासबुक भरून देताना, रात्री गॅस पुसताना, मध्येच येऊन उभं राहतंय. म्हणून लिहून बघते, लिहिल्यावर तरी कळेल मला नक्की काय लागलंय ते.

"आता तुम्ही आलाय न्हवं. मग मी सोडतो बघ."

एवढंच. रागानं म्हणाल्या असं वाटलं नाही, हसून पण नाही. आमच्या ग्रुपच्या दादांनी विहिरीवरच्या जाळीच्या कुलपाची किल्ली पुढं केली होती, आजी तुम्ही शेजारीच की, तुमच्याकडंच असू दे म्हणून. त्यांनी ती हातात घेतलीच नाही. पदराला हात पुसले आणि आत गेल्या. बाकी कुणाला काही वाटलं नसावं, कारण तेवढ्यात चहा आला आणि सगळे फोटोसाठी कट्ट्यावर चढले.

दर रविवारी आमचा ग्रुप एकेक जुनी विहीर साफ करतो, त्यात बेळगावच्या वडगावातली ही विहीर कामाला घेऊया म्हणून मीच मागं लागले होते. चिऱ्याचं बांधकाम अजून मजबूत आहे, खाली जांभ्याचा कातळ, आणि त्यातनं झरा अजून जिवंत आहे हे सगळ्यात महत्त्वाचं. मे संपता संपता पाणी खाली गेलेलं असतं, वळीव झाला तरी झऱ्याला लगेच जोर येत नाही, आणि एकदा मृग लागला की कुणी विहिरीत उतरू शकत नाही, म्हणून हेच दिवस. मोटर लावून पाणी काढलं. मग त्या गाळ काढणाऱ्या मामांनी पेटता दिवा दोरीनं खाली सोडला, तो तळापर्यंत जळत राहिला तेव्हाच माणूस उतरवला. कुजलेल्या गाळात वायू साठतो आणि उतरलेला माणूस वर येत नाही, हे आमच्या कॉलेजच्या पोरांना मामा इतकं शांतपणे सांगत होते की एरवी मस्ती करणारी पोरं गप्प उभी. त्यानंतर दिवसभर रहाट, दोर, घमेली आणि रांग. काय काय निघालं ते लिहायला बसले तर इथंच रात्र होईल. निर्माल्याच्या गाठी मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, देवांच्या फुटक्या तसबिरी, दुधाची रिकामी पाकिटं, नारळ, एक अख्खी मिक्सरची मोटर. आणि त्या सगळ्याच्या खाली तांब्याची एक चेपलेली कळशी, कुणाच्या तरी हातनं कधी सुटलेली असणार. ती बघून शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आमच्या सासूबाईंची असेल बघा, आणि उचलून घेऊन गेल्या.

आजींबद्दल त्या वहिनींनीच सांगितलं. नळ आल्यावर गल्लीनं विहीर सोडली. शहरात २४ तास पाण्याची योजना २००८ च्या सुमारास आली तेव्हा आधी १० वॉर्डांतच सुरू झाली होती, बाकीच्यांना जसं येईल तसं, पण तेवढ्यावर पण लोकांनी दोर गुंडाळून माळ्यावर टाकले. आजींनी नाही टाकला. रोज पहाटे कट्टा झाडायच्या, बादलीभर पाणी काढून तुळशीला आणि दारातल्या अबोलीला घालायच्या, घरात नळाला धो धो पाणी असलं तरी. चिऱ्याच्या फटीत पिंपळाचं रोप आलं की बोटभर असतानाच उपटायच्या, कारण एकदा मूळ आत गेलं की चिरा सुटतो. रात्री गुपचूप पिशवी टाकायला येणाऱ्यांना खिडकीतनं ओरडायच्या. आत पडलेलं त्यांना काढता येत नव्हतं, वरनं जेवढं होतं तेवढं करायच्या. बांधकाम इतकी वर्षं टिकलंय ते तसंच नाही टिकलेलं.

आणि आम्ही गेलो तर त्या म्हणतात मी सोडतो.

खरं लिहायचं तर रविवारी रात्री मला रडू आलं. इतक्या लोकांत एकजण तरी बरं केलंत म्हणेल असं वाटलं होतं. आठवडाभर ऑफिस, एक रविवार मिळतो, तो पण मी तिथं घालवते, घरी आल्यावर अंगाला वास येतोय म्हणून धाकटी लांबनंच बोलते, ह्यांचं आपलं आहेच की घरच्या टाकीला शेवाळ आलंय ती कुणी साफ करायची. आईला फोन करायचा राहतो तो राहतोच. (त्या विषयावर आज नको.) आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांनी असं तोडून टाकावं? मला वाटलं आपण त्यांची जागाच घेतली. रोजचं काम त्यांचं, आणि बॅनर, टोप्या, हातमोजे, ड्रोननं काढलेला व्हिडिओ आमचा. चहा पिताना एका काकांनी छान बोलून पण दाखवलं. डिसेंबर १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष, गंगाधरराव देशपांड्यांनी केलेली सगळी तयारी, डॉ. हर्डीकरांच्या सेवादलाचे स्वयंसेवक, आणि आलेल्या माणसांना पाणी पुरावं म्हणून टिळकवाडीत खणलेली काँग्रेस विहीर, तिला दिलेलं पंपा सरोवर हे नाव, तिचा खर्च ४,३७० रुपये ३ आणे. आपण त्याच गावचे, तीच परंपरा चालवतोय, म्हणाले. टाळ्या पडल्या. मला ती गोष्ट दर वेळी आवडते, ऐकून अंगावर काटा येतो, परवा पण आला. फक्त परवा ऐकताना नजर आजींच्या बंद दाराकडं होती, आणि मनात आलं की खणल्याचा हिशोब तीन आण्यांपर्यंत शंभर वर्षं लोकांना पाठ आहे, पण नंतर तिचा कट्टा झाडणाऱ्या कोण होत्या ते कुठं लिहिलेलं असणार. कुणीतरी झाडला असणारच की. विहीर एक वर्ष नुसती सोडली तरी तिचं काय होतं ते आम्ही घमेल्यांनी मोजलंय.

तेव्हापासनं तेच तेच घोळतंय. सोडतो म्हणजे काय? रुसल्या? दमल्या? की आम्ही पुढच्या रविवारी दुसऱ्या विहिरीवर असणार हे त्यांना आमच्याआधी कळलंय? कारण ते खरंच आहे, ग्रुपवर पुढची विहीर ठरली पण, आणि ५ जूनला पर्यावरण दिनाचा कार्यक्रम वडगावातल्याच विहिरीवर घ्यायचा, पाहुणे बोलवायचे, हे पण ठरलं. ह्यात वाईट काही नाही. पाहुणे आले की पेपरात येतं, पेपरात आलं की दुसऱ्या गल्लीतले लोक फोन करतात, आमची पण विहीर बघा म्हणतात, असंच वाढत आलंय हे काम. सध्या पेपर उघडला की गावाला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाची पातळी आधी बघायची अशी सगळ्या गावाला सवय लागलेली असते, मार्कंडेय नदीचं पाणी तिथं किती फूट उरलं, हिडकल धरणात किती. आणि महिन्याभरात त्याच पेपरात बळ्ळारी नाल्याचं पाणी वडगाव-शहापूरच्या भातात शिरल्याचे फोटो. कणकुंबीकडं बेळगावच्या कितीतरी पट पाऊस, गोकाक-सौंदत्तीकडं आमच्या निम्मा पण नाही, आणि आम्ही मधे बसून दोन्हीकडनं रडतो. अशा गावात एक जिवंत झरा म्हणजे काय हे आजींना कुणी शिकवायची गरज नव्हती. मला मात्र ते कळायला भाषणं, व्हिडिओ, शिबिरं लागली.

आज ऑफिस सुटल्यावर घरी न येता तिकडंच गेले. किल्ली पर्समध्ये होती, दादांनी माझ्याकडंच दिली होती रविवारी, बघा तुमचं तुम्ही म्हणून. आजी दारातच बसल्या होत्या, वाटाण्याच्या शेंगा सोलत. बस म्हणाल्या. मी बसले, शेंगा सोलू लागले. विहिरीबद्दल एक अक्षर नाही. मंगाईच्या जत्रेला लेक येणार का नाही, सुनेचं दुखणं, बासमतीची पेरणी औंदा कोण करतंय कोण नाही, जागा विकून मोकळे झालेले लोक. मी दोनदा विषय काढायला गेले आणि दोन्ही वेळेला त्यांनी कोकमचं सरबत पुढं केलं. गुडघ्याला हात लावून उठताना त्यांना किती वेळ लागतो ते पाहिलं. रविवारी मला ते दिसलं नव्हतं, त्या उभ्याच होत्या तेव्हा.

निघताना म्हणाल्या, "रोज एक बादली तरी काढत जा ग. पाणी हललं पाहिजे. न्हाईतर वास मारतंय. आणि त्या कोपऱ्यात बघ, पिंपळ आलाय परत, मला वाकाय येत न्हाई आता."

बघितलं तर खरंच होता. आम्ही इतकी माणसं दिवसभर त्या कट्ट्यावर नाचत होतो, कुणाला दिसला नाही. उपटला. मूळ लांब होतं, अर्धं आतच तुटून राहिलं, परत येणार ते.

रस्त्यानं येताना रडू वगैरे काही आलं नाही. त्या माझ्यावर रागावल्यात का नाहीत ते मला अजून पण सांगता येणार नाही, आणि कदाचित थोड्या रागावल्या पण असतील, एवढी वर्षं एकटीनं सांभाळल्यावर एका रविवारी येऊन फोटो काढणाऱ्यांवर का रागावू नये माणसानं. तेवढं राहू दे. पण काम दिलंय त्यांनी, कसं करायचं ते सांगून दिलंय, आणि ते रविवारचं नाही. ऑफिसला जाताना वडगाववरनं गेलं तर दहा मिनिटं जास्त लागतात, पाऊस सुरू झाला की पंधरा. जमेल. धाकटीला सांगितलं तर म्हणाली मी पण येते, बघू किती दिवस येते ते, आली तर बरंच.

उद्या गप्पी मासे मिळतात का विचारायचंय, डास व्हायच्या आत सोडायला हवेत. आणि रहाटाचा दोर गाळ ओढून ओढून पार झिजलाय, बादलीसकट आत जाईल एखाद दिवशी. ग्रुपवर टाकलं तर सगळे अंगठा दाखवतील आणि रविवार उजाडेल. खडेबाजारात सुंभाचा मिळतो चांगला, दुपारच्या सुट्टीत जाऊन मीच आणते.