ब्रेकचा बल्ब

सोलापुरात होटगी रोडवरच्या गॅरेजात मी पोचलो तेव्हा भांडण सुरू होऊन बराच वेळ झाला असावा. “ओ काकू, तुम्हीच गाडी मागं घेतलाव ओ,” असं एक पंचविशीतला पोरगा म्हणत होता. समोर पांढऱ्या केसांच्या एक बाई पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. त्या काहीच बोलत नव्हत्या. कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडं बघावं तशी त्यांची नजर होती. मागाहून कळलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई त्या.

मी मोटार सर्व्हेअर. गाडी ठोकली की नुकसान किती आणि त्यातलं पॉलिसीत बसतं किती, याचा अहवाल द्यायचा. नेमते विमा कंपनी, फी देते कंपनी, त्यामुळं गाडीवाल्याला मी कंपनीचा माणूस वाटतो. कंपनीला मात्र कायम गाडीवाल्याचा वाटतो.

गोष्ट 2023 च्या जानेवारीतली. गड्ड्याची यात्रा चालू, होम मैदानाकडं जाणारी गर्दी, आणि भर दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला बाईंची 2016 सालची वॅगनआर उभी. मागून या पोराची मोठी गाडी येऊन धडकली. डिकीचा दरवाजा आत गेला, काच फुटली, बंपर लोंबायला लागला. जमलेल्या लोकांनी नेहमीप्रमाणं “मिटवून टाका की” लावलं. बाईंनी मिटवलं नाही. गाड्या हलवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढले, पोलीस ठाण्यात जाऊन नोंद केली. पोरानंही तिथंच उलटं लिहून दिलं, बाई सिग्नलला रिव्हर्स आल्या म्हणून. वर त्याच्या पुढच्या दिव्याचे पैसे बाईंनीच द्यावेत, हा आग्रह.

फोटोंत गाड्या एकमेकींना चिकटलेल्या दिसत होत्या. कोण कुणावर आलं, ते फोटोत दिसत नाही.

क्लेम फॉर्मात लिहिलेली हकिगत आणि पत्र्यावरचा मार जुळतो का, हे बघणं माझं काम. मी मिस्त्रींना डावीकडचा मागचा दिवा उतरवायला सांगितला. मार तिथंच बसला होता. दिव्याचं कव्हर फुटलेलं, पण आतले बल्ब शाबूत होते. ब्रेकच्या बल्बमध्ये दोन तारा असतात. 5 वॅटची रात्रीच्या लाल दिव्याची आणि 21 वॅटची ब्रेकची. तार पेटलेली असताना मऊ असते. त्या क्षणी जोराचा दणका बसला तर तिचे वेढे ताणले जातात आणि ती तशीच थंड होते. विझलेली तार दणक्यानं एक तर तशीच राहते, नाहीतर कडकन तुटते.

बल्ब उजेडाकडं धरला. ब्रेकच्या तारेचे वेढे जुन्या स्प्रिंगसारखे सुटून खाली लोंबले होते. 5 वॅटची तार जशीच्या तशी. मग रिव्हर्सचा बल्ब काढला. त्याची तार सरळ, दुकानातून आत्ता आणल्यासारखी.

मी काही बोलायच्या आत बाईंनी हात पुढं केला. बल्ब घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, डोळ्याजवळ नेला. “टंगस्टन,” त्या म्हणाल्या. मग पोराकडं वळून, “वितळणबिंदू किती?”

पोरगा मिस्त्रीकडं बघायला लागला.

“3422 अंश सेल्सिअस. त्याच्या बऱ्याच खाली ते मऊ पडतं. माझा पाय ब्रेकवर होता, म्हणून ही तार ताणलीये. आणि रिव्हर्स पडला असता तर ही दुसरी पण ताणली असती. कळलं?”

तीस वर्षं हा धडा फळ्यावर शिकवताना वर्गातल्या कुणी इतकं लक्ष दिलं नसेल. मिस्त्री तर हातातला पाना विसरून ऐकत होते. पोरगा थोडा वेळ उभा राहिला, “बघू की, कोर्टात बघू,” म्हणाला आणि निघून गेला. दिव्याच्या पैशांचा विषय त्यानं परत काढला नाही.

दोन्ही बल्ब मी पाकिटात घातले, वर तारीख टाकून सही केली, बाईंची आणि मिस्त्रींचीही घेतली, आणि पाकीट बाईंकडं दिलं. खरं तर माझ्या हिशोबात त्या बल्बची किंमत शून्य. स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम घेताना चूक कुणाची याला महत्त्व नसतं. हे बाईंना समजावणं मला त्या दिवशी सगळ्यात जड गेलं.

बिल 58,000 चं. पत्र्याचे भाग 22,000 चे. गाडीला पाच वर्षं उलटून गेलेली, म्हणून 40 टक्के घसारा वजा. प्लॅस्टिक 10,000 चं, वयाचा प्रश्नच नाही, निम्मं कापायचं. रंगकाम 12,000 चं, त्यातला चौथा हिस्सा माल धरून त्याचं निम्मं वजा. 5,000 ची काच आणि 9,000 ची मजुरी तेवढी पूर्ण. शेवटी मालकानं सक्तीनं सोसायचे 1,000 आणि भंगाराचे 700 वजा. हातात 41,000. राहिलेले 17,000 बाईंच्या खिशातून. आणि 50 टक्क्यांपर्यंत पोचलेला नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, पुढच्या वर्षी शून्यावर.

“चूक त्याची,” बाई म्हणाल्या, “आणि बोनस माझा जाणार?”

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बोनस चांगलं गाडी चालवण्याचा नसतो, क्लेम न घेण्याचा असतो. इतक्या वर्षांत हे वाक्य मी बहुतेकांपुढं गुळगुळीत करून फेकलंय, बाईंपुढं ते अडकलं.

समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे त्याच्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणाऱ्या विम्यातून, उरलेलं मागता येतं, हे मी सांगितलं. जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडं अर्ज करायचा, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. कंपनीनं दिलेले 41,000 पुन्हा मागायचे नाहीत, खिशातून गेलेले मागायचे. तिथं मात्र चूक कुणाची हेच सिद्ध करावं लागतं. बहुतेक लोक इथपर्यंत ऐकतात आणि “जाऊ द्या ओ साहेब” म्हणतात. 17,000 साठी तारखा कोण करणार?

बाई पाचव्या महिन्यात वकिलाकडं गेल्या.

मधे एकदा त्यांचा फोन आला होता. साक्षीला बोलावलं तर याल का, एवढंच विचारायला. येतो म्हणालो. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, “पाकीट गोदरेजच्या कपाटात आहे. फोडलं नाही, तुमची सही तशीच आहे. नुसतं हलू नये म्हणून भोवती कापूस लावलाय. तार फार नाजूक असते हो.”