पाणी जागचं हललं नाही

शुक्रवार, रात्र

क्योतोहून आमानोहाशिदातेपर्यंत दोन तास गाडी, तिथून तासभर बस. बसमध्ये मागच्या दारानं चढायचं, यंत्रातून आकडा छापलेली चिठ्ठी ओढून घ्यायची आणि उतरताना समोरच्या फलकावर आपल्या आकड्याखाली जे भाडं दिसेल ते डब्यात टाकायचं. माझ्यासकट सहा प्रवासी, त्यातल्या पाच जणी सत्तरीपलीकडच्या. एकीच्या पिशवीतून मुळ्याचा पाला बाहेर आला होता आणि प्रत्येक वळणावर शेजारणीच्या गुडघ्याला लागत होता. दोघींनाही त्याचं काही नव्हतं. कॅमेरा गळ्यात होता, पण उचलला नाही. न विचारता अनोळखी माणसाचा फोटो काढणं इथं असभ्यपणाचं समजतात. इथं विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोबाइलमध्ये तर फोटो काढतानाचा आवाजही बंद करता येत नाही. ओसाकात चार वर्षं काढल्यावर हात आपोआप आवरतो.

क्योतो म्हटलं की देवळं आणि मेपलची लाल पानं आठवतात. पण क्योतो प्रांत उत्तरेला थेट जपानच्या समुद्राला भिडतो, आणि तिथं हे इने आहे. पाचेक किलोमीटरच्या वळणदार किनाऱ्याला लागून सुमारे २३० ‘फुनाया’, म्हणजे होडीघरं. तळमजल्याची जमीन उतरती होत पाण्यात जाते, होडी सरळ घरात शिरते. वरच्या मजल्यावर पूर्वी जाळी आणि सामान ठेवायचे. राहतं घर रस्त्यापलीकडे डोंगराच्या बाजूला, आणि तो रस्ताही गेल्या शतकातला. त्याआधी शेजाऱ्याकडे जायचं तरी होडी काढावी लागायची. २००५ मध्ये सरकारनं हे गाव जतन करण्याच्या वस्त्यांच्या यादीत घातलं. कोळ्यांच्या वस्तीला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

मी कोकणातल्या हर्णै बंदराचा. त्यामुळे इथं येताना डोक्यात एकच फ्रेम ठरवून आलो होतो: ओहोटी लागलेली, घरांचे पाय उघडे पडलेले, शेवाळलेले दगड, कुशीवर कललेल्या होड्या. मुक्काम एका फुनायातच आहे. सामान टाकलं आणि मालकांना पहिला प्रश्न विचारला, “ओहोटी किती वाजता?” त्यांना प्रश्न कळला नाही. पुन्हा विचारलं. मग त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून हवेत मोजून दाखवलं. वीतभर. एवढंच पाणी खाली जातं म्हणे, आणि वर्षभराचा हिशेब धरला तरी अर्ध्या मीटरच्या आसपास.

म्हणजे दोन भिंगं, तिपाई आणि तीन दिवसांची रजा घेऊन मी न येणाऱ्या ओहोटीचा फोटो काढायला आलो होतो. नकाशा आधी नीट पाहिला असता तर कळलं असतं. जपानचा समुद्र जवळपास बंदिस्त आहे. बाहेरच्या महासागराशी त्याला जोडणाऱ्या सामुद्रधुन्या अरुंद आणि उथळ, त्यांतून भरतीचं पाणी आत येणार किती? त्यात इनेची खाडी दक्षिणेकडे उघडते, म्हणून उत्तरेकडून येणाऱ्या हिवाळी लाटा डोंगराआड राहतात. तोंडाशी आओशिमा बेट दार लावल्यासारखं बसलंय. पाणी कुठवर येणार हे पक्कं ठाऊक असलं की माणूस पाण्यात घर बांधू शकतो. आमच्याकडे उधाणाला पुरुषभराहून जास्त चढउतार. तिथं असं घर बांधलं तर दिवसातून दोनदा पोहायचं आणि दोनदा चिखल तुडवायचा.

आईला व्हिडिओ कॉल लावून खिडकीतून शेजारचं घर दाखवलं.

“अरे, पाणी शिरलंय त्यांच्या घरात! तू कुठं उभा आहेस?”

“वरच्या मजल्यावर, अगं. खाली होडी बांधायची जागा असते.”

“आणि भरती आली म्हणजे?”

“इथं भरती येतच नाही म्हटलं तरी चालेल.”

“असं कसं? आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती.”

तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ निघते, हे तिच्या वडिलांचं गणित. ते इथं लागू नाही, हे तिला पटलं नाही. “जपून राहा,” म्हणाली, आणि फोन ठेवला.

शनिवार

सकाळी सव्वासहाला बाहेर पडलो. सूर्य यायला अर्धा तास होता. पाणी काचेसारखं म्हणवत नाही, कारण काच एवढी काळी नसते. तेल ओतल्यासारखं म्हणू. घरांची उलटी रांग त्यात आणि मध्ये एकही सुरकुती नाही. तिपाई लावून तीस-चाळीस फोटो काढले. सगळे सुंदर आणि सगळे आधी कुठंतरी पाहिलेले. वरच्या टेकडीवरून तर जगातल्या प्रत्येकानं तोच फोटो काढलाय.

मग पाऊस आला. गेला. ऊन पडलं. पुन्हा पाऊस. दुपारपर्यंत चार वेळा. या बाजूची एक जुनी म्हण आहे: डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. मी छत्री आणली होती. डबा नव्हता, म्हणून दुकानातून पाव घेतला. धक्क्यावर बसून पहिला घास घ्यायच्या आत मागून एक झपाटा आला आणि पाव गेला. घार! आपलीच घार, त्याच दुभंगलेल्या शेपटीची, फक्त अंगानं थोडी थोराड. बोटाला ओरखडा. समोर पाटी होतीच, तिच्यावर घारीचं चित्रही होतं. त्या पाटीचा फोटो मी सकाळीच काढला होता.

धक्क्यावर जाळ्याची होडी लागली, तेव्हा लोक बादल्या घेऊन जमले. मला हर्णैच्या लिलावाची सवय, तिथं बोलीच्या आवाजात शेजारचा माणूस ऐकू येत नाही. इथं जो तो मासा बघतो, हळू काहीतरी बोलतो, बादलीत घालतो, निघतो. आधी वाटलं, कोणी वारलंय की काय.

जेवायला ‘हेशिको’ होतं. मीठ लावून तांदळाच्या कोंड्यात वर्षभर मुरवलेला बांगडा. पातळ काप, किंचित भाजलेला. पहिल्या तुकड्याला डोळ्यांत पाणी आलं, इतका खारट. दुसऱ्या तुकड्याला पेजेची आठवण. भात तीनदा मागून घेतला.

रविवार, बसमध्ये

आज एक आजीबाई भेटल्या. फुनायाच्या उतारावर बसून मासे साफ करत होत्या. त्यांची पाठ दिसत होती आणि पाण्यावरून परतलेला उजेड छतावर हलत होता. दाराशी उभं राहून कॅमेऱ्याकडे बोट केलं. त्यांनी मान हलवून नकार दिला. पसारा आहे, म्हणाल्या. पण आत ये, म्हणाल्या.

आत गेलो. खांबावर हिरवी रेघ होती, वीतभर रुंद. मालकांनी दाखवलं तेवढंच माप. होडी आत नव्हती, बाहेर बांधलेली होती. नवीन होड्या मोठ्या, फायबरच्या, त्या आत मावत नाहीत. होडीच्या जागी आता वॉशिंग मशीन, प्लास्टिकचे क्रेट आणि दोरीवर टांगलेली पर्सिमनची फळं. माशांची डोकी त्या एका पिंजऱ्यात भरत होत्या. ‘मोन्दोरी’, त्यांनी सांगितलं. दोरी बांधून घरातूनच पाण्यात सोडायचा, सकाळी वर ओढायचा.

कुठला, विचारलं. मोबाइलमध्ये हर्णै दाखवलं. अमावस्येच्या संध्याकाळी सहाचा फोटो: पाणी लांब गेलेलं, चिखलात कुशीवर पडलेल्या होड्या, पलीकडे सुवर्णदुर्ग. त्यांचा हात थांबला. चेहरा बदलला.

“जिशिन?” त्यांनी विचारलं. भूकंप?

नाही, नाही, म्हटलं. रोजचं आहे. रोज दोनदा.

त्यांनी ओल्या बोटानं फोटो मोठा केला आणि एकेक होडी पाहिली. “मग समुद्रावर जायचं कसं?”

“वाट बघायची. सहा तास.”

“रोज?”

“रोज.”

“ताइहेन,” म्हणाल्या. म्हणजे फार यातायात, फार कठीण. एवढं बोलून पुन्हा सुरी हातात घेतली. जरा वेळानं स्वतःच म्हणाल्या, पिंजऱ्याचा फोटो काढ, माझा नको. उजेड कमी होता, शटर एक अष्टमांश सेकंदावर न्यावं लागलं. पिंजरा हललाय. मागचं पाणी मात्र स्पष्ट आलंय.

निघताना वर्तमानपत्रात गुंडाळून दोन सुके मासे दिले. बसमध्ये वास सुटलाय आणि पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागं वळून कौतुकानं पाहिलंय.

पिंजऱ्याचा फोटो आईला पाठवला आणि आजीबाईंचं सगळं लिहिलं. आत्ताच उत्तर आलं: “मासे चांगले दिसतायत. पण त्या बाईंना कळव, बुधवारी अमावस्या आहे. रात्री अकरानंतर खाली झोपू नका म्हणावं.”