मेर्थेदेस की मर्से?

स्पॅनिश कागदपत्रांचे प्रमाणित अनुवाद करणे हा माझा व्यवसाय आहे. पुण्यातील एका तरुणाचा बार्सेलोनाच्या मुलीशी विशेष विवाह कायद्याखाली विवाह ठरला होता. वधूच्या जन्मदाखल्यात आईचे नाव ‘मेर्थेदेस’ होते, तर साक्षीदार म्हणून आलेल्या त्याच आईच्या पासपोर्टावर ‘मर्से’. या दोघी एकच कशावरून, असे विवाह अधिकाऱ्यांनी विचारले. त्यांची शंका रास्त होती, म्हणून मी अनुवादाला सविस्तर खुलासा जोडायचे ठरवले.

‘मारिया दे लास मेर्थेदेस’, म्हणजे दयेची माता मेरी, हे या नावाचे पूर्ण रूप. त्याचा उगम बार्सेलोनातलाच आहे. 1218 मध्ये पेरे नोलास्क यांनी तेथे एक धर्मसंघ स्थापन केला. मुस्लिम सत्तांच्या कैदेतील ख्रिस्ती बंदिवानांना खंडणी भरून सोडवणे हे त्याचे कार्य. संन्याशांच्या नेहमीच्या तीन व्रतांखेरीज या संघाचे चौथे व्रत असे, की वेळ आलीच तर बंदिवानाच्या जागी स्वतः ओलीस राहायचे. या नावातील दयेला अशी प्राणांची किंमत आहे, आणि म्हणूनच मला ते मेरीच्या इतर नावांहून भारदस्त वाटते. ही माता पुढे बार्सेलोनाची रक्षणकर्ती ठरली. 24 सप्टेंबरला तिचा उत्सव असतो आणि त्यात माणसांचे उंच मनोरे रचले जातात. पणजीजवळच्या मेरशी गावाचे नाव याच मातेच्या पोर्तुगीज नावावरून आले आहे. मर्सिडीज मोटारीला मात्र एमिल येलिनेक या उद्योजकाच्या मुलीचे नाव मिळाले.

बार्सेलोनाच्या प्रदेशातील कातालान भाषेत याच नावाचे रूप ‘मर्से’ असे होते. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने 1938 च्या आदेशाने नोंदणीत कातालान व बास्क नावांना मनाई केली. त्यामुळे वधूच्या आई असलेल्या या बाई घरात मर्से आणि शाळेच्या हजेरीपटावर मेर्थेदेस म्हणून वाढल्या. जानेवारी 1977 च्या कायद्याने स्पेनमधील अन्य भाषांतील नावांना मुभा मिळाली. बाईंनी मात्र मुलीच्या जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी नाव बदलून घेतले.

हा इतिहास खरा असला, तरी कार्यालयाला पुरावा हवा होता. मी बाईंना त्यांच्या स्वतःच्या जन्मदाखल्याची संपूर्ण प्रत मागवायला सांगितली. तिच्या समासात नावबदलाची अधिकृत नोंद होती. तिचाही अनुवाद जोडल्यावर अधिकाऱ्यांनी तो मान्य केला आणि बाईंनी साक्षीदाराच्या रकान्यात ‘मर्से’ अशी सही केली.