पाटीवरचा नाद खुळा

कोल्हापुरातल्या रिक्षांच्या पाठीवर काय काय लिहिलेलं असतं, याची कुणी मोजदाद केली तर अंबाबाई, जोतिबा आणि ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ यांच्यानंतर ‘नाद खुळा’चा नंबर लागायला हरकत नाही. टी-शर्टवर तेच, चहाच्या टपरीवर तेच, वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर भाऊंच्या गॉगलखाली तेच. ‘काटा किर्र’ तर पुण्याला जाऊन मिसळीचं नाव होऊन बसलं.

आता हा उद्गार खरं तर बघणाऱ्याचा, खाणाऱ्याचा. समोरच्यानं काहीतरी असं करून दाखवायचं, की तो आपसूक तोंडातून निघावा. पण हल्ली करणाराच तो आधी रंगवून घेतो. कट यायच्या आधीच माझी दाद टेबलावर हजर! मग खाऊन झाल्यावर मी म्हणायचं काय? ‘बरी आहे’ म्हटलं तर मालकाचं तोंड उतरणार आणि ‘नाद खुळा’ म्हटलं तर नुसती पाटी वाचून दाखवल्यासारखं होणार.

सिनेमावाल्यांनीही हेच केलं. 2014 साली ‘लई भारी’ आला; प्रेक्षकानं थेटरातून बाहेर पडताना म्हणायचं ते तिकिटावरच छापलेलं. त्यापेक्षा 2004 चा ‘अगं बाई अरेच्चा!’ मला जास्त पटतो. बायकांच्या मनातलं ऐकू यायला लागलेला पुरुष दुसरं म्हणणार तरी काय? ‘अग्गंबाई सासूबाई’ या मालिकेत तर सुनेनंच सासूचं लग्न लावून दिलं. तिथला ‘अग्गंबाई’ हा अख्ख्या चाळीचा आहे, शेजारणींनी पदर तोंडाला लावून म्हटलेला. तो शोभतो.

‘जंगली’मधल्या (1961) ‘याहू’ची तर तऱ्हाच वेगळी. बर्फावरून घरंगळताना दिसतो शम्मी कपूर, पण ती आरोळी प्रयाग राज यांची. दिसणारा एक, ओरडणारा दुसरा, आणि नाव झालं तिसऱ्याचंच: पुढं अमेरिकेत दोन विद्यार्थ्यांनी कंपनी काढली तीही याहू, उद्गारचिन्हासकट. तिचा आणि आपल्या सिनेमाचा काही संबंध नाही. तिकडं इंग्लंडात डेव्हन परगण्यात ‘वेस्टवर्ड हो!’ नावाचं गावच आहे. 1855 सालच्या एका कादंबरीवरून ते नाव पडलं आणि त्यातलं उद्गारचिन्ह अजून गावाच्या नावात आहे. तिथला कंडक्टर स्टॉप आला की काय करत असेल, देव जाणे. आमच्याकडं ‘कोल्हापूर’ हे नाव साधं लिहितात; उद्गारचिन्ह बोलणाऱ्याच्या आवाजात असतं.

आणि ते कुठं ऐकायचं, तर खासबागेच्या कुस्ती मैदानात. शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप दौऱ्यात रोमचा तो जुना आखाडा पाहिला आणि त्या धर्तीवर हे मैदान उभं केलं. 1912 मध्ये ते खुलं झालं. जोड लागली, की आधी गलका, मग हळूहळू शांतता. खडाखडी चाललेली असते आणि कुणी काही म्हणत नाही. मग एकदम ढाक बसते, समोरच्याची पाठ मातीला लागते, आणि सगळ्या मैदानातून ‘आरारारारा!’ उठतं. तो शब्द कुणी ठरवलेला नसतो, त्याला धड स्पेलिंगही नाही. पडलेल्याबद्दलची हळहळ आणि पाडणाऱ्याबद्दलचं कौतुक दोन्ही त्यातच. पाटी करायची म्हटली तर किती ‘रा’ लिहायचे, इथूनच वाद सुरू होईल.

जाणत्यांची दाद मात्र आणखी कंजूष. वस्तादानं चांगल्या डावावर ‘हं’ म्हटलं तरी पोरगा आठवडाभर हवेत.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरही असंच. म्हैस उभी, समोर धार काढलेली, फेसाचा ग्लास हातात. परवा एक पाहुणे, पुण्याचेच, तो एका दमात प्यायले, मिशी पुसली आणि एवढंच म्हणाले, ‘बापरे.’

दूधवाल्यानं वरही बघितलं नाही. ‘मग आनी एक घ्या की, पावणं.’