नाशिकला गेले आणि अमोनिया बघून आले

पुण्याहून नाशिक, तेही मे महिन्यात, हा बेत कोणी आखला ते विचारू नका. चाकणच्या ट्रॅफिकमध्येच निम्मा जीव गेला. त्र्यंबकची रांग, पंचवटी, मिसळ सगळं उरकलं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते ताईच्या घरातल्या काचेच्या टाकीबद्दल.

भाच्याने ॲक्सोलोटल पाळलाय. मेक्सिकोचा सॅलॅमँडर, डोक्यामागे पिसाऱ्यासारखे कल्ले, जन्मभर पाण्यात. ताई त्याला सरळ 'पाल' म्हणते. त्याला विशीच्या खालचं थंड पाणी लागतं, म्हणून घरातला एकुलता एक एसी त्याच्या खोलीत आणि पाहुणे हॉलमध्ये पंख्याखाली. पाहुणचाराबद्दल एवढंच. (असा प्राणी ठेवायचा तर केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. ती केल्याचं मला न विचारता दाखवण्यात आलं.)

आम्ही पोचलो तेव्हा पालीने खाणं सोडलं होतं. नाकासमोर गांडूळ वळवळतंय आणि ही ढिम्म. फिल्टर बंद पडून पाण्यात अमोनिया साठला होता. भाचा सांगत होता, याची नजर अधू. वासावर आणि पाण्याच्या हालचालीवर भक्ष्य हेरायचं, मग झटक्यात तोंड उघडून पाण्यासकट आत ओढायचं. अमोनियाने कल्ले पोळतात आणि भूक मरते. अर्धं पाणी बदललं, दोन दिवसांनी गांडूळ गट्टम. मला ते बघायला चक्क आवडलं.

मग त्याच्या डोक्यात आलं, "मावशी, नदीचं पाणी तपासू या का?" सुट्टीत हेच बाकी होतं. टाकीसाठी आणलेला अमोनिया तपासायचा संच घेऊन निघालो: नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक, जितकं हिरवं तितका अमोनिया जास्त. शहराच्या वरच्या अंगाला, सोमेश्वरला, ते पिवळंच राहिलं. तिथून गाडी काढून शहराच्या खालच्या अंगाला, दसकला गेलो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून येणारी नासर्डी (आता तिला नंदिनी म्हणायचं) तोवर गोदावरीला मिळालेली असते, शिवाय शहराचं सांडपाणी. पुलावरून बघितलं तर नदी दिसतच नव्हती, नुसत्या पाणवेली. वास असा की मी ओढणी नाकाला लावली ती गाडीत बसेपर्यंत काढली नाही. शेजारी एक बाई निर्माल्याची पिशवी भिरकावून हात जोडून निघून गेल्या. नळी गडद हिरवी झाली. "यात आपला एक दिवसही काढणार नाही," भाचा म्हणाला.

परतताना मी त्याला विचारलं, मग मेक्सिकोत तरी याचं कसं चाललंय? तिथलीच कहाणी जास्त वाईट निघाली. हा प्राणी मोकळा उरलाय तो मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत. तिथले झरे शहराला प्यायला वळवले आणि कालव्यांत प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडलं. 1998 मध्ये चौरस किलोमीटरमागे सुमारे 6000 ॲक्सोलोटल होते, 2014 मध्ये 36. मोठा निदान गांडूळ तरी खातो. अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं डॅफ्नियासारख्या बारीक जिवांवर जगतात. प्रयोगात याच कालव्याच्या पाण्यात ठेवलेल्या पिल्लांनी स्वच्छ पाण्यातल्यांपेक्षा कमी खाल्लं. कमी खाल्लं की वाढ खुंटते, आणि लहान राहिलेलं पिल्लू कोणाच्याही तोंडात मावतं. ही तोंडंही माणसानेच आणून सोडलेली: कार्प आणि तिलापिया.

तिलापिया म्हणजे आपली चिलापी! आणि पाणवेली त्या कालव्यांतही आहेत. नद्या एवढ्या लांबच्या, पण बिघडवायचं सामान तेच. महाराष्ट्रात सॅलॅमँडर नाहीत, भारतातले दार्जिलिंग-सिक्कीम आणि ईशान्येकडे; म्हणून दसकला कोण उपाशी मेलं याचा हिशेब ठेवायला असा गोजिरवाणा चेहरा नाही. बेडकांच्या पिल्लांचे फोटो कोण टी-शर्टवर छापतं?

तिकडे निदान शास्त्रज्ञ आणि शेतकरी मिळून छोटे कालवे अडवतात, तोंडाशी गाळण्या लावतात, म्हणजे पाणी निवळतं आणि कार्प-चिलापी बाहेर राहतात. इकडे 2027 च्या सिंहस्थाची चर्चा आहे. घाट, रस्ते, पार्किंग सगळ्यावर बोललं जातं. ताईच्या सोसायटीत कोणालाही विचारा, आपल्या संडासाचं पाणी कुठे जातं हे एकाला सांगता आलं नाही. मी विचारलं होतं. लोकांनी माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं.

नांदूरमध्यमेश्वरला मला खूप जायचं होतं, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र ते, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण मेमध्ये स्थलांतरित पक्षी नसतात म्हणून घरच्यांनी बेत हाणून पाडला. तेही याच गोदावरीवर, नाशिकच्या खाली, म्हणजे दसकचं पाणी पुढे तिकडेच जातं. हिवाळ्यात जाईन, गाडीने नाही, चाकण नको.

शेवटच्या रात्री ताईने मासे तळले. कुठले म्हणून विचारलं, तर "चिलापी. धरणातली आहे गं, नदीतली नाही, कोळणीने शपथेवर सांगितलंय." भाच्याने हात लावला नाही. मी दोन खाल्ले. काटे कमी असतात तिला.