इस्तंबूलच्या म्युझियममधला लाल बाणा

टूरच्या कागदावर सहाव्या दिवसासमोर लिहिलं होतं: ब्लू मॉस्क, हिप्पोड्रोम, कार्पेट डेमो, ग्रँड बझार. त्याआधीचे पाच दिवस कप्पाडोकिया, पामुक्कले आणि बसमधली झोप यात गेले, छान गेले, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. आज लिहायला बसलेय ते त्या कार्पेट डेमोमुळे आणि त्यानंतर जे झालं त्यामुळे.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात अडतीस वर्षं माग चालवला. आता चौऱ्याहत्तर वय, गुडघे बोलतात, एका कानानं कमी ऐकू येतं, पण कुठंही कापड दिसलं की आधी उलटी बाजू बघणार. कापडाचा खरा हिशोब मागच्या बाजूला असतो असं ते आम्हाला लहानपणापासून सांगत आलेत. त्यामुळे गालिच्याचं दुकान म्हटल्यावर सगळ्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त खूश तेच होते.

दुकानात सफरचंदाचा चहा दिला, आम्हाला भिंतीकडेनं बसवलं आणि एकामागून एक गालिचे धाडधाड उलगडून आमच्या पायाशी टाकायला लागले. अण्णांनी एकाचा कोपरा उलटा केला, गाठी बघितल्या आणि मला म्हणाले, विचार गं, ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, सूत आहे का लोकर? मी विचारलं. उत्तरात किंमत सांगितली. पुन्हा विचारलं तर डिस्काउंट सांगितला. दोन तास हेच चाललं होतं, निघायचं म्हटलं की कुणीतरी दारापाशी येऊन अजून एक गालिचा दाखवायचं. अण्णा नंतर गप्पच बसले, हात मांडीवर ठेवून. मला फार राग आला, अजूनही येतो. ज्या माणसाला तुमची कला मनापासून समजून घ्यायची होती त्याच्याशी बोलायला तुमच्याकडे दोन मिनिटं नव्हती.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की हिप्पोड्रोमच्या, म्हणजे जुन्या रथशर्यतींच्या मैदानाच्या, चौकात आम्ही सकाळी जिथं उभे राहून फोटो काढले, तिथंच, ब्लू मॉस्कच्या अगदी समोर, तुर्की आणि इस्लामी कलांचं म्युझियम आहे. जुन्या गालिच्यांचा तिथला संग्रह जगातल्या सगळ्यात मोठ्या संग्रहांत धरला जातो. आमच्या कागदावर त्याचं नावसुद्धा नव्हतं. मी टूर मॅनेजरला सांगितलं, आम्ही दोघं ग्रँड बझारला येत नाही, संध्याकाळी हॉटेलवर भेटू. त्यांचा चेहरा पडला पण मी अण्णांचा हात धरला आणि निघाले.

ही इमारत म्हणजे इब्राहिम पाशाचा राजवाडा. ऑटोमन सुलतान सुलेमानचा जिवलग मित्र, 1523 मध्ये त्याचा वजीर-ए-आझम, म्हणजे मुख्य वजीर, झाला आणि 1536 मध्ये त्याच सुलतानाच्या हुकमानं मारला गेला. मित्राच्या भरवशावर एवढं मोठं घर आणि शेवट असा, मला त्या दगडी भिंती बघून गलबलून आलं. म्युझियम मात्र इथं 1983 मध्ये आलं. त्याआधी ते 1914 पासून सुलेमानिये मशिदीच्या अन्नछत्रात होतं. मशिदींमधनं आणि दर्ग्यांमधनं गालिचे, पोथ्या, दिवे चोरीला जायला लागले होते, म्हणून ते वाचवण्यासाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला. म्हणजे इथली कितीतरी वस्तू लोकांच्या रोजच्या पायाखालची आहे, हे आत जाताना लक्षात ठेवा.

पायऱ्या चढून अंगण, मग लांब कॉरिडॉर आणि एकेका काळाची एकेक खोली. दमास्कसच्या मोठ्या मशिदीतनं आलेली कुराणाची अगदी जुनी पानं, इराकमधल्या समारा शहराच्या उत्खननातले गिलाव्याचे तुकडे. आग्नेय तुर्कीतल्या जिझ्रे गावच्या मशिदीतनं इथं आणलेल्या दारापाशी मात्र आम्ही थांबलो. त्या दाराच्या कडीवर पितळी रंगाचे दोन पंखवाले ड्रॅगन आहेत, पाठीला पाठ लावून, मान वळवून स्वतःचाच पंख चावणारे, आणि मधे सिंहाचं छोटंसं तोंड. या कड्या जोडीनं होत्या, दुसरी आज कोपनहेगनच्या संग्रहालयात आहे. एका दाराच्या दोन कड्या दोन देशांत. अण्णा म्हणाले, परत द्यायला पाहिजे. मलाही तसंच वाटतं.

आणि मग शेवटचा मोठा हॉल. उंच छत, मंद उजेड, आणि भिंतींवर वरपासून खालपर्यंत गालिचे. आत शिरल्यावर अण्णांनी चप्पल काढायला पाय उचलला, मग त्यांच्या लक्षात आलं.

पश्चिम तुर्कीतल्या उशाक गावचे प्रचंड गालिचे बघितले, आणि ज्यांना होल्बाइन गालिचे, लोट्टो गालिचे म्हणतात तेही. ही नावं युरोपातल्या चित्रकारांची आहेत, का तर त्यांच्या चित्रांत टेबलावर असे गालिचे अंथरलेले दिसतात. ज्यांनी महिनोन् महिने बसून गाठी मारल्या त्यांचं नाव कुठंच नाही आणि ज्यानं बघून चित्र काढलं त्याचं नाव गालिच्याला. हे मला अजिबात पटलं नाही. गावाचं नाव तरी द्यायचं.

पण खरं सांगायचंय ते कोन्याच्या गालिच्यांबद्दल. कोन्या शहरातल्या अलाउद्दीन मशिदीत सापडलेले हे सेल्जुक, म्हणजे ऑटोमनांच्या आधीच्या तुर्की राजवटीतले, गालिचे 13व्या शतकातले आहेत, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वर माऊली होते त्या शतकातले. काठाला मोठमोठी अक्षरासारखी नक्षी, कुफी या जुन्या अरबी लिपीसारखी, पण वाचायला गेलं तर शब्द होत नाही, नुसती अक्षरांची ऐट. गालिचे जागोजागी झिजलेत. आणि एके ठिकाणी लोकर पार गेलेली होती, तिथं अण्णा वाकले. हात पाठीमागं घट्ट बांधून, नाक गालिच्यापासून वीतभर अंतरावर.

"हे बघ, उभं पांढरट दिसतंय तो ताणा. लोकरच आहे, सूत नाही." दुकानात जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्यांना इथं मिळालं. "आणि हा आडवा बघ. बाणा. लाल आहे."

मी म्हटलं, मग?

"अगं, बाणा कुणाला दिसत नाही. गाठींची एक ओळ झाली की बाणा टाकायचा आणि फणीनं ठोकायचा, तो आत दडपला जातो. जो दिसणारच नाही त्याला कशाला रंगवायचं? पण रंगवलाय. वरची लोकर झिजली तरी खालनं लालच दिसावं म्हणून असेल."

ते हे बोलत असतानाच गार्ड भराभर चालत आला. मला वाटलं आता ओरडणार, मी अण्णांचा दंड धरला. तो थांबला, अण्णांच्या बांधलेल्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून विचारलं, "बाबा?" तुर्कीतही वडिलांना बाबाच म्हणतात, मी मान हलवली. मला तुर्की येत नाही, त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी हातानं माग दाखवला, डावीकडनं उजवीकडं धोटा जातो तसा. त्याला कळलं. तो कोपऱ्यात गेला आणि स्वतःची बसायची खुर्ची उचलून घेऊन आला, गालिच्यासमोर ठेवली.

अण्णा त्या खुर्चीवर पाऊण तास बसले. मी मधे दोनदा विचारलं, अण्णा, निघायचं का, तर नुसता हात वर केला. तेवढ्या वेळात दोन ग्रुप आले, सेल्फी काढून गेले. गार्ड उभाच होता. निघताना अण्णांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि मराठीतच म्हणाले, "फार उपकार झाले." त्यानं छातीवर हात ठेवला.

तिकीट महाग आहे, पायऱ्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी सकाळी ताज्या पायांनी जावं. आणि टूर बुक करताना या म्युझियमचं नाव आधीच लिहून घ्या, मी घेतलं नाही याचं मला वाईट वाटतं, कारण अण्णांना तिथं अख्खा दिवस हवा होता.

बाहेर अंगणात कॉफी घेतली. ब्लू मॉस्कचे मिनार समोर, अजान सुरू झालेली. अण्णांनी फोन काढायला लावला आणि सोलापूरला त्यांच्या शेजारच्या मागावर काम केलेल्या मित्राला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं संध्याकाळ झाली होती, ते पारावर बसलेले. कसा आहेस, कुठं आहेस, थंडी आहे का, काही नाही. अण्णा फोन तोंडाजवळ धरून मोठ्यांदा म्हणाले, "अरे ऐक, सातशे वर्षांपूर्वीचा माल बघितला. बाणा लाल घातलाय."

पलीकडनं क्षणभर काहीच आवाज नाही. मग ते म्हणाले, "आतला?"

"आतला!"